देव, लाकूड आणि बाजार

(पिंप्राळा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अर्थशास्त्र शिकविण्यात हयात घालविलेल्या माणसाने देवाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु माझ्या विषयातील देव लाकडाचा आहे, आणि लाकडाला किंमत असते.

जळगावहून सुरतेकडे जाणारी रेल्वे नवापूर ओलांडून सोनगडच्या मुलखात शिरते. उच्छल-निझरकडील कित्येक गावे १९६० पर्यंत पश्चिम खानदेशातच होती. तेथील चौधरी, गामित व वसावा हे आपल्याकडील गावित-वसाव्यांचेच भाऊबंद. ते मोगरा देव स्थापतात. मोगरा देव म्हणजे खांबावर आडवी बसविलेली, शेंदूर फासलेली लाकडी मगर. तिला नवस बोलतात, कोंबडे देतात, दारूची धार सोडतात. देव उघड्यावर असतो. ऊनपावसाने तो झिजतो. त्याला उपयोगमूल्य आहे, विनिमयमूल्य नाही.

विनिमयमूल्य आले ते बाहेरून. १९६८ साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात स्टेला क्रामरिश यांनी भारतातील आदिवासी व ग्रामीण पूजाकलेचे प्रदर्शन भरविले. हकू शाह त्यांचे सहकारी होते. १९७१ मध्ये शाह आणि एबरहार्ट फिशर यांनी या लाकडी मगरींवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. या अभ्यासकांना मी दोष देत नाही. त्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले. परंतु अभ्यासकाच्या पाऊलवाटेनेच पुढे व्यापारी येतो, हा जगाचा अनुभव आहे.

पश्चिम आफ्रिकेतील माली देशाचे उदाहरण घ्या. तेथील बामाना शेतकऱ्यांसाठी लोहारच लाकडी मूर्ती कोरतात. १९३१ मध्ये फ्रेंच सरकारच्या संशोधन-मोहिमेने केमेनी या गावातून एक पूजावस्तू दहा फ्रँक पुढे करून व पोलिसांचा धाक घालून नेली. मोहिमेतील मिशेल लेरिस यांनीच ही हकीकत १९३४ च्या आपल्या ग्रंथात छापली आहे. बुगुनी व जोइला भागातील माता-बालकांच्या मोठ्या मूर्ती १९५० नंतरच्या दशकात बाहेर आल्या आणि १९६० साली न्यूयॉर्कमध्ये बामाना शिल्पांचे प्रदर्शन भरले. मूर्ती कोरणाऱ्या लोहाराचे नाव मात्र अशा संग्रहांच्या नोंदींत क्वचितच सापडते.

आपला कायदा याबाबत काय म्हणतो? १९७२ चा पुरावस्तू कायदा सर्वसाधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना संरक्षण देतो. उघड्यावर उभा असलेला लाकडी देव शंभर वर्षे कसा टिकावा? म्हणजे दगडी देवळातील मूर्ती पळविली तर तो राष्ट्रीय ठेव्याचा प्रश्न. आदिवासीचा देव उचलला तर फार तर किरकोळ चोरी! उलट त्याच देवासाठी राखीव जंगलातील साग तोडला, तर वनकायद्याखाली तो गुन्हा. २००६ च्या वनाधिकार कायद्यानेही गौण वनोपजात इमारती लाकूड धरलेले नाही. एकच ओंडका जंगलात सरकारचा, पाड्यावर देवाचा आणि दालनात धनिकाचा. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर तो कोरणाऱ्याचा होत नाही.

यावर कोणी म्हणेल, संग्राहकाने नेला नसता तर वाळवीने खाल्ला असता. खाल्ला असता, हे खरे. पण झिजलेल्या देवाच्या जागी नवा कोरावा लागतो, आणि त्या कामातूनच बापाचे कसब मुलाकडे जाते. काचेच्या कपाटात एक मगर सुरक्षित राहते. ती घडविणारा हात मात्र मजुरीसाठी ऊसतोडीला जातो. मला त्या हाताची चिंता अधिक आहे.

नवापूर, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा व सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार दिला आहे. तेव्हा ग्रामसभांनी ठराव करावेत: संमतीवाचून एकही देव गावाबाहेर जाणार नाही, गेलाच तर नोंदीत गावाचे व कारागिराचे नाव असेल, आणि स्थापनेसाठी लागणारे लाकूड वनखात्याने विनामूल्य द्यावे. पहिल्या दोहोंना पैसा लागत नाही. तिसऱ्यासाठी वनखात्याशी भांडावे लागेल, आणि त्या भांडणात आपण जळगावकरांनी त्यांच्या बाजूने उभे राहावे, एवढ्यासाठी आज मी येथे आलो.