लहान माणसाला दिवाळंही काढता येत नाही

 तालुक्यातल्या करसल्लागार, वकील, हिशेबनिसांच्या या सभेत अध्यक्षांनी वर्षभरातल्या कायदेबदलांचा आढावा घ्यावा, असं कार्यक्रमपत्रिकेत छापलं आहे. जीएसटीवर सकाळपासून दोन व्याख्यानं झाली, तेवढी पुरेत. उरलेला वेळ एकाच विषयाला.

नादारी व दिवाळखोरी संहितेत सुधारणा सुचवणारं विधेयक १२ ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत मांडलं गेलं आणि प्रवर समितीकडे गेलं. अर्ज चौदा दिवसांत निकाली काढावा, धनकोंना न्यायालयाबाहेर प्रक्रिया सुरू करता यावी, एकाच उद्योगसमूहातल्या कंपन्यांचा विचार एकत्र व्हावा, अशा त्यातल्या तरतुदी. त्यांची गरज कुणाला पटवायची तर मुळशीबाहेर जायला नको. लवासा कॉर्पोरेशनचं प्रकरण कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने ऑगस्ट २०१८ मध्ये दाखल करून घेतलं. संहितेची कमाल मुदत ३३० दिवसांची. १,८१४ कोटींची योजना मंजूर व्हायला जुलै २०२३ उजाडलं. तिच्याप्रमाणे पैसे भरले गेले नाहीत, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी रद्द होऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. घरासाठी पैसे भरलेली कुटुंबं ताटकळतच राहिली.

तरीही कंपन्यांसाठी न्यायाधिकरण आहे, कारभार हाती घेणारा रिझोल्यूशन प्रोफेशनल आहे, आणि प्रकरण दाखल होताच वसुलीला स्थगिती आहे. घोटावडे फाट्याजवळ भाड्याच्या शेडमध्ये दोन लेथ टाकून जॉबवर्क करणाऱ्या माणसाला यातलं काय मिळतं?

काहीही नाही.

संहितेचा तिसरा भाग व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठीच लिहिलेला आहे. १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू झाला, पण कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच. प्रोप्रायटरसाठी अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे, पाचशे रुपयांच्या कर्जाची अट असलेला. अगदी गरिबांसाठी २०१६ मध्ये याच संहितेत ‘नव्याने सुरुवात’ नावाची सोय केली, तिच्या अटी काय? वर्षाचं उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत, कर्ज ३५ हजारांच्या आत, आणि स्वतःचं घर नको. गावात वडिलोपार्जित दोन खोल्या नावावर असल्या की माणूस बाद. आणि एवढ्या अटी घालूनही ही सोय कागदावरच राहिली.

सकाळच्या परिसंवादात काही मित्रांनी भीती घातली, की लहान कर्जदाराला ही वाट मोकळी केली तर कर्जबुडवे माजतील. याला माझ्याकडे उत्तर म्हणून एक वही आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी असाच एक लेथवाला संध्याकाळी ऑफिसात आला. ज्या पार्टीचं काम तो करायचा, तिच्याकडे त्याची सात महिन्यांची बिलं अडकली होती. पिशवीतून त्याने शंभर पानी वही काढली. तिच्यात बँकेचं कर्ज होतं, पतसंस्थेचं होतं, भिशीचं होतं, मेहुण्याचे हातउसने होते, आणि शेवटच्या ओळीत चहावाल्याचे तीनशे चाळीस. कामगारांच्या नावांपुढे लाल खूण. तो म्हणाला, “साहेब, पैसे बुडवायचे नाहीत. सगळ्यांना एकदा एका टेबलावर बसवा, एवढंच.” तसं टेबल कायद्यात नव्हतं. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात नादारीचा अर्ज केला, पण अर्ज केला म्हणून कुणी वसुली थांबवत नव्हतं. तिसऱ्या तारखेच्या आधीच लेथ भंगारवाल्याच्या टेम्पोत चढले, किलोच्या भावाने. पहिला पोचला तो खासगी सावकार. कामगारांना छदामही मिळाला नाही.

कर्ज बुडवणाऱ्याला वही लागत नाही, हे चाळीस वर्षांच्या अनुभवाने सांगता येतं.

पुणे जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या-खतं जाळली. चार वर्षांत, १८७९ मध्ये, दख्खन शेतकरी मदत कायदा आला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं त्याने बंद केलं आणि दुय्यम न्यायाधीशापुढे नादारीचा अर्ज करण्याची सोय दिली. इंग्रज सरकारला दंगलीनंतर जे सुचलं, ते स्वतंत्र देशाच्या संहितेत २०१६ पासून निजून राहावं, याची चीड यायला हवी.

तिसरा भाग सर्वांना लागू करा, उत्पन्न-कर्जाच्या मर्यादा आजच्या महागाईला धरून ठरवा आणि सुनावणी तालुक्याच्या जवळ आणा, असं निवेदन संघटनेने दिल्लीला पाठवावं. मसुदा कुणी लिहायचा ते कार्यकारिणी ठरवेल; गरज पडली तर खासदारांनाही भेटू.

त्या निवेदनाला आकड्यांपेक्षा माणसांची जोड हवी. ज्यांच्या कपाटात अशी एखादी वही किंवा फाइल पडून असेल, त्यांनी नाव-गाव झाकून तिची प्रत चहाच्या सुट्टीत चिटणीसांकडे द्यावी.