ऊब विकत मिळते काय?



वैशाखाच्या या काहिलीत थंडीविषयी बोलावयास उभे राहणे आपणांस थोडे विक्षिप्तपणाचे वाटेल. परंतु छत्री जशी पावसाआधी दुरुस्त करून ठेवावयाची, तसा थंडीचा विचार उन्हाळ्यात केलेला बरा. शिवाय याच दिवसांत आपल्या गावची तरुण मंडळी हिमालयाची वाट धरतात. खाली मैदानात अंगाची लाही होत असली, तरी बारा-तेरा हजार फुटांवर मे महिन्यातही रात्री तांब्यातले पाणी गोठू शकते. डिसेंबरात केदारकंठासारख्या सुमारे ३८०० मीटर उंचीच्या शिखराकडे जाणाऱ्यांची गोष्ट तर बोलावयासच नको. घरातून निघताना मुलगा किंवा मुलगी सांगते, "स्लीपिंग बॅग घेतली आहे, उणे वीसची आहे." आईबापांचा जीव भांड्यात पडतो. हा 'उणे वीस' म्हणजे काय आणि त्यावर किती विसंबावे, एवढाच आमच्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम नावाविषयी. स्लीपिंग बॅगेला शुद्ध मराठीत 'शय्याकोश' म्हणावे असे कोणी सुचवील. पण बाजारात जाऊन शय्याकोश मागितल्यास दुकानदार शब्दकोश पुढे करील अशी भीती वाटते. तेव्हा आम्ही तिला साधी 'पिशवी' म्हणू.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. पिशवी उबदार असते, अशी आपली सर्वांची समजूत आहे. वस्तुतः कोणतीही पिशवी, गोधडी वा घोंगडी स्वतः उबदार नसते. रिकामी गोधडी थंडच असते. आपण तीत शिरल्यावर ती ऊब धरते. शेगडी आपण स्वतः आहो. झोपलेल्या माणसाच्या शरीरातून साधारणपणे साठ ते ऐंशी वॉटच्या जुन्या विजेच्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर पडत असते. ही उष्णता निसटू न देणे एवढेच पिशवीचे काम. आणि ते काम खऱ्या अर्थाने कापूस, लोकर किंवा पिसे करीत नाहीत. त्यांच्या तंतूंत अडकून स्थिर राहिलेली हवा करते. स्थिर हवेतून उष्णता फार मंद जाते. म्हणून पिशवीची परीक्षा वजनावर नव्हे, तर ती किती फुगते यावर करावी.

या दृष्टीने बदकाच्या व हंसाच्या पोटावरील मऊ लव, जिला बाजारात 'डाऊन' म्हणतात, ती श्रेष्ठ ठरते. तिचा फुगीरपणा मोजण्याची रीत अशी, की एक औंस लव किती घन इंच जागा व्यापते ते पाहावयाचे. सहाशे चांगली, आठशे उत्तम. मात्र हा आकडा लवेचा दर्जा सांगतो, पिशवीची ऊब नव्हे. पिशवीत ती लव भरली किती, हेही विचारले पाहिजे. डाऊन हलकी, दाबली असता लहानशा गाठोड्यात मावणारी. पण भिजली की तिचा लगदा होतो आणि हवा धरण्याची शक्ती संपते. कृत्रिम तंतूंची पिशवी जड व बोजड खरी, परंतु ओली झाली तरी काही ऊब राखते, लवकर वाळते आणि स्वस्तही पडते. कोरड्या थंडीत डाऊन, ओलसर हवेत कृत्रिम तंतू, असा ढोबळ न्याय लावण्यास हरकत नाही. सह्याद्रीतील गडावर कडाक्याची म्हणून जी थंडी आपण सांगतो, ती बहुधा आठ-दहा अंशांची असते. तेथे हलकी कृत्रिम पिशवी पुरते.

शिवणही पाहावी. आपल्या आजीने घातलेल्या गोधडीत टाका वरून खाली आरपार जातो. जेथे टाका, तेथे जाडी शून्य. घरात त्याने बिघडत नाही. पण बर्फावर त्या प्रत्येक टाक्याच्या ओळीतून थंडी आत येते. म्हणून कडक थंडीसाठीच्या पिशव्यांत वरचे व खालचे कापड एकमेकांस न शिवता मध्ये कापडाच्या उभ्या भिंती घालून कप्पे करतात. साखळीच्या आतून भरलेली पट्टी आहे काय, गळ्याशी आवळता येणारी झालर आहे काय, डोक्याला टोपी आहे काय, हेही पाहावे. पिशवी फार सैल असेल तर आतली रिकामी हवा तापविण्यातच शरीराची शक्ती खर्च होते. फार घट्ट असेल तर आतून भरण दाबले जाते. दुकानात लाज न धरता आत शिरून कूस बदलून पाहावी.

आता त्या 'उणे वीस'कडे येऊ. युरोपात २००२ साली पिशव्या मोजण्याचे एक प्रमाण ठरले; पुढे २०१६ साली तेच आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले. त्यात तापविलेला पुतळा अंगभर पातळ कपडे घालून, खाली चटई देऊन पिशवीत निजवितात आणि उष्णता किती निसटते ते मोजतात. त्यावरून मुख्यतः तीन आकडे काढतात. पहिला सुखाचा : या तापमानापर्यंत सर्वसाधारण स्त्री मोकळेपणी, थंडी न वाजता निजू शकते. दुसरा मर्यादेचा : येथे सर्वसाधारण पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढतो. तिसरा टोकाचा : येथे सर्वसाधारण स्त्री सहा तास गारठून मरणार नाही, इतकेच. हातपाय हिमदंशाने जाणार नाहीत, अशी हमी त्यातही नाही.

समजा, एका पिशवीवर शून्य, उणे सहा आणि उणे तेवीस असे आकडे आहेत. विकणारा मोठ्या अक्षरांत कोणता आकडा छापील, हे आपणांस सांगावयास नको. म्हणजे ज्या आकड्याचा अर्थ 'जीव कदाचित वाचेल' असा आहे, तो 'झोप लागेल' या अर्थाने विकला जातो! आणि ज्या पिशव्यांवर एकच आकडा असतो व तो कोणत्या परीक्षेने काढला याचा पत्ता नसतो, त्यांच्याबद्दल तर न बोललेलेच बरे. आमची विनंती अशी, की पहिला आकडाच खरा मानावा, आणि जेथे जावयाचे तेथील रात्रीच्या अपेक्षित तापमानाहून तो पाच अंश तरी खाली असावा. रात्री उणे पाच होणार असेल तर सुखाचा आकडा उणे दहा हवा. थकलेला, उपाशी, कृश किंवा वयस्क माणूस त्या पुतळ्यापेक्षा लवकर गारठतो, हे ध्यानात ठेवावे.

पण उत्तम पिशवीही दोन शत्रूंपुढे हात टेकते. पहिला शत्रू जमीन. आपल्या भाराने पाठीखालचे भरण दबते, हवा निघून जाते आणि तेथे पिशवी असून नसल्यासारखी होते. म्हणून चटई ही चैन नव्हे, ती पिशवीचा अर्धा भाग आहे. चटईचा उष्णतारोध 'आर' या आकड्याने सांगतात. साध्या फोमच्या चटईचा तो दोनच्या आसपास असतो. बर्फावर चार-पाच हवा. दोन चटया एकावर एक घातल्यास आकड्यांची बेरीज होते, ही गरिबाच्या सोयीची गोष्ट आहे.

दुसरा शत्रू ओल. याचे उदाहरण दक्षिण ध्रुवाकडचे आहे. १९११ च्या जून महिन्यात, तेथल्या ऐन हिवाळ्यात, कॅप्टन स्कॉटच्या तुकडीतील विल्सन, बावर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणावयास केप क्रोझियरकडे निघाले. थंडी उणे साठ अंश सेल्सियसपर्यंत उतरली. त्यांच्या पिशव्या रेनडिअरच्या कातड्याच्या, आत ईडर बदकाच्या लवेचे अस्तर. निघताना तिन्ही पिशव्यांचे वजन ५२ पौंड होते. पाच आठवड्यांनी परतले तेव्हा ते ११८ पौंड भरले. हे वाढलेले ६६ पौंड, म्हणजे सुमारे तीस किलो, कशाचे? त्यांच्याच घामाच्या व श्वासाच्या ओलीचा तो बर्फ होता. पिशव्या लाकडासारख्या कडक होत, आणि त्यांत शिरावयाचे म्हणजे शरीराच्या उबेने त्या इंचाइंचाने वितळवीत शिरावयाचे. तिघेही जिवंत परतले, पण त्या प्रवासाचा धडा आजही तोच आहे : नाकतोंड पिशवीच्या आत घेऊन श्वास सोडू नये, दिवसाचे घामट कपडे घालून आत शिरू नये, निजण्याचे कोरडे कपडे व मोजे वेगळे ठेवावेत, आणि सकाळी ऊन पडताच पिशवी उलटी करून वाळवावी.

पुष्कळ मंडळी पिशवी भाड्याने घेतात किंवा नेणाऱ्या संस्थेकडून त्यांना ती मिळते. त्यांत काही गैर नाही. पण आदल्या दिवशी ती पसरून अर्धा तास ठेवावी. ती फुगली नाही, हाताला गोळे लागले, मधे पोकळ जागा लागल्या, तर ती बदलून मागावी. तेथे संकोच करू नये. स्वतःची असेल तर घरी ती आवळून न ठेवता मोठ्या सुती खोळीत सैल ठेवावी. वर्षभर दाबलेली लव पुन्हा तशी उठत नाही.

शेवटी एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. पिशवी कमी पडली म्हणून तंबूत शेगडी, कोळसे किंवा स्टोव्ह पेटवून दारे लावून निजू नये. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो झोपेतच माणसाला नेतो. थंडी वाजलीच तर उठावे, काही खावे, बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून पायाशी घ्यावे, असतील ते कोरडे कपडे चढवावेत, आणि सोबत्याला जागे करावे. थरथरणारा सोबती बोलताना अडखळू लागला, तर ती चेष्टेची गोष्ट नव्हे. त्याला ताबडतोब कोरडे करून उबेत घ्यावे आणि मदत बोलवावी.

तात्पर्य, ऊब विकत मिळत नाही. विकत मिळते ती फक्त आपली ऊब राखण्याची सोय. म्हणून उद्या आपल्या घरातले कोणी "उणे वीसची आहे" असे म्हणाले, तर आपण एकच प्रश्न विचारावा : "तो आकडा निजण्याचा की जगण्याचा?" उत्तर देता आले तर त्याला आनंदाने निरोप द्यावा, न आले तर दोन दिवस थांबवून पिशवी बदलून आणावयास लावावे. हिमालय कोठे जात नाही.