दोन चिठ्ठ्या, एक रुग्ण

अशोकस्तंभापासून निघून जुना गंगापूर नाका, आनंदवल्ली आणि सोमेश्वर मागे टाकत गंगापूर गावाकडे जाणाऱ्या नाशिकच्या गंगापूर रोडवर औषधांची जी दुकाने आहेत, त्यांतील प्रत्येक दुकानदाराला, देशातील इतर सर्व औषधविक्रेत्यांप्रमाणेच, एक वेगळी नोंदवही ठेवावी लागते. 2013 साली औषधविषयक नियमांत ‘एच-1’ नावाची अनुसूची घालण्यात आली आणि 1 मार्च 2014 पासून ती लागू झाली. तिच्यातील औषध विकताना डॉक्टरचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण लिहून ठेवावे आणि ही वही तीन वर्षे जपावी, असे बंधन तिने घातले. या यादीत रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड आणि सायक्लोसेरिन ही क्षयरोगावरील औषधे आहेत, मेरोपेनेम आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांसारखी प्रभावी प्रतिजैविके आहेत, आणि त्यांच्याच ओळीत अल्प्राझोलाम, डायझेपाम व झोल्पिडेम ही चिंता शमवणारी आणि झोप आणणारी औषधेही आहेत. जंतूंवरील आणि मनोविकारांवरील औषधे अशी शेजारी बसली ती गैरवापरामुळे. पहिल्या प्रकारची औषधे वाटेल तशी घेतली की जंतू त्यांना दाद देईनासे होतात, तर दुसऱ्या प्रकारातील काही औषधांचे व्यसन जडते. याच जिल्ह्यातील मालेगावात ‘कुत्ता गोळी’ या नावाने जी नशेची गोळी बदनाम झाली, ती अल्प्राझोलामच होय.

दुकानाच्या वहीत ही औषधे शेजारी नांदत असली, तरी रुग्णालयात ती बहुधा निरनिराळ्या चिठ्ठ्यांवरून येतात. छातीच्या विकारांचे तज्ज्ञ एक चिठ्ठी लिहितात, मनोविकारतज्ज्ञ दुसरी लिहितात, आणि एकाने काय लिहिले हे दुसऱ्याच्या नजरेस पडेलच असे नाही. दोन्ही चिठ्ठ्यांवरील गोळ्या मात्र एकाच ट्रेमधून, एकाच परिचारिकेच्या हातून, एकाच रुग्णाच्या तोंडात जातात. त्यामुळे या दोन औषधकुळांचा परस्परसंबंध इतर कोणाच्याही आधी परिचारिकेच्या नजरेस येऊ शकतो, आणि परिचर्येतील औषधशास्त्राचे खरे महत्त्व येथेच आहे.

औषधशास्त्राची सर्वसाधारण विभागणी दोन भागांत केली जाते: औषध शरीरावर काय परिणाम करते हा एक भाग, आणि शरीर त्या औषधाचे काय करते, म्हणजे ते कसे शोषून घेते, यकृतात त्याचे विघटन कसे होते आणि मूत्रपिंडावाटे ते बाहेर कसे टाकले जाते, हा दुसरा. परिचारिकेला या दोहोंखेरीज खाटेजवळ काय दिसेल, कोणत्या दिवशी दिसेल आणि ते कोणाला कळवायचे, हेही ठाऊक असावे लागते. 1998 साली नाशिक येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी राज्यातील बहुतेक बी.एस्सी. नर्सिंगचे अभ्यासक्रम संलग्न आहेत आणि त्यांत हा विषय सविस्तर शिकवला जातो. परंतु पाठ्यपुस्तकात प्रतिजैविकांचे प्रकरण वेगळे आणि मनोविकारांवरील औषधांचे प्रकरण वेगळे असते, तर रुग्ण काही प्रकरणे पाडून आजारी पडत नाही.

प्रतिजैविकांच्या बाबतीत घड्याळाला फार महत्त्व असते. पेनिसिलिन आणि त्याच्या जातकुळीतील औषधे रक्तात एका किमान पातळीच्या वर किती तास टिकतात, यावर त्यांचा प्रभाव अवलंबून असल्याने ‘दर आठ तासांनी’ या सूचनेचा अर्थ सकाळी 6, दुपारी 2 आणि रात्री 10 असा होतो. नाश्ता, दुपारचे जेवण आणि संध्याकाळचा चहा असा होत नाही. उलट अमिकासिनसारखे औषध दिवसातून एकदाच मोठ्या मात्रेत दिले असता अधिक प्रभावी ठरते, परंतु ते मूत्रपिंडाला आणि कानाला इजा करू शकत असल्याने लघवीचे प्रमाण मोजणे आणि कानात आवाज येतो का, हे विचारणे त्याच्याबरोबर आलेच. घरोघरी औषधाची गोळी दुधाबरोबर देण्याची रीत आहे आणि ती प्रेमापोटीच पडली आहे. पण सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन ही औषधे दुधातील कॅल्शियमशी बांधली जातात आणि त्यांचा काही भाग शोषला न जाताच वाया जातो. रिफाम्पिसिन उपाशीपोटी घ्यावयाचे असते आणि त्याने लघवी, घाम व अश्रू नारिंगी-तांबडे होतात. हा रंग निरुपद्रवी आहे, हे पहिल्या गोळीच्या आधीच सांगितले गेले नाही, तर साधा माणूसही घाबरतो. ज्याला आधीच कोणीतरी आपल्यावर विषप्रयोग करीत असल्याचा संशय छळत आहे, त्याला तर त्या रंगात पुरावाच सापडतो आणि तो औषध थुंकून टाकू लागतो.

मनोविकारांवरील औषधांचे कालमान वेगळे आहे. फ्लुऑक्सेटिनसारख्या अवसादरोधक औषधाचा गुण दिसू लागण्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात, परंतु मळमळ, बेचैनी आणि झोपमोड हे त्रास पहिल्या काही दिवसांतच सुरू होतात. म्हणजे तोटा आधी आणि नफा मागाहून, असा हा व्यवहार असतो. गुण येण्याआधीच्या या दिवसांत, विशेषतः तरुण रुग्णांमध्ये, आत्महत्येच्या विचारांकडे बारकाईने लक्ष ठेवावे लागते. हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शननंतर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत मान एका बाजूला पिळवटणे, डोळे वर चढणे आणि जीभ बाहेर येणे, असा स्नायूंचा आकस्मिक ताठरपणा येऊ शकतो. घरच्यांना तो प्रकार हमखास ‘बाहेरचा’ वाटतो आणि अंगारा आणण्याची धावपळ सुरू होते; वास्तविक प्रोमेथाझिनच्या एका इंजेक्शनने बहुधा अर्ध्या तासाच्या आत मान सरळ होते.

लिथियमचे उदाहरण महाराष्ट्रातील घरांच्या अधिक जवळचे आहे. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी 1949 साली उन्मादावर त्याचा उपयोग दाखवून दिला आणि द्विध्रुवी विकारात, म्हणजे उन्माद व अवसाद आलटून पालटून येणाऱ्या आजारात, ते आजही मोलाचे मानले जाते; मात्र गुणकारी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडे असते. रक्तातील लिथियम सामान्यतः लिटरला 0.6 ते 1.2 मिलिइक्विव्हॅलंट या मर्यादेत ठेवले जाते आणि 1.5 च्या वर विषबाधेची भीती सुरू होते. मूत्रपिंड लिथियम आणि सोडियम यांना जवळजवळ सारखीच वागणूक देते. शरीरात मीठ कमी पडले की ते सोडियम वाचवू पाहते आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवते. चातुर्मासात मीठ सोडण्याचा नेम करणारे, रक्तदाबासाठी अचानक अळणी खाऊ लागणारे, उन्हाळी जुलाबांनी हैराण झालेले किंवा ज्येष्ठाच्या उन्हात त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर घाम गाळीत पंढरपूरकडे निघालेले लिथियमचे रुग्ण या सर्वांना एकच धोका असतो. हातांची जाड थरथर, तोल जाणे, बोलणे अडखळणे आणि उलट्या-जुलाब ही त्याची लक्षणे होत, आणि ती दिसताच पुढची मात्रा देण्यापूर्वी डॉक्टरांना कळवणे आवश्यक ठरते.

ही दोन औषधकुळे तापाच्या तक्त्यावर येऊन भेटतात, आणि परिचारिकेची कसोटी खरी तेथेच लागते. मनोविकाराची औषधे घेणाऱ्या एखाद्या रुग्णाच्या तक्त्यावर 102 अंश फॅरेनहाइटची नोंद झाली, तर तो साधा जंतुसंसर्ग असू शकतो. रुग्ण क्लोझापिन घेत असेल, तर ताप आणि घसादुखी हे त्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने घटल्याचे चिन्ह असू शकते. 1975 साली फिनलंडमध्ये अशा घटीमुळे मृत्यू झाल्यानंतर या औषधावर कडक बंधने आली, आणि म्हणूनच ते सुरू केल्यावर पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्ततपासणी करण्याची पद्धत पडली. तो हॅलोपेरिडॉल घेत असेल आणि तापाबरोबर अंग शिशाच्या नळीसारखे ताठ झाले असेल, घाम फुटला असेल, रक्तदाब वरखाली होत असेल आणि शुद्ध हरपत चालली असेल, तर तो चेतासंस्थेवरील औषधांचा जीवघेणा दुष्परिणाम असू शकतो, आणि तेव्हा ‘रुग्ण आडमुठेपणा करतो’ म्हणून हॅलोपेरिडॉलची आणखी एक मात्रा देणे अनर्थकारक ठरते. याच्या उलट चूकही घडते: लघवीच्या जंतुसंसर्गामुळे एखाद्या वृद्धेला रात्री भ्रम होतो, ती सलाइनची नळी उपसू लागते, आणि वेड लागले असे समजून तिला शांत करण्याचे औषध दिले जाते, पण जंतूंवरील औषध सुरू होत नाही. अंगाचा ताठरपणा, घसा, लघवी आणि चालू औषधांची यादी या चार गोष्टी तापाच्या आकड्याशेजारी लिहिल्या गेल्या, तर रात्रपाळीच्या डॉक्टरांचे निदान पुष्कळच सोपे होते.

क्षयरोगाच्या उपचारात तर ही गाठ जन्मापासूनची आहे. 1952 साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात आयसोनियाझिड आणि त्याचा भाऊबंद इप्रोनियाझिड यांचे प्रयोग चालू असताना, फुप्फुसे पोखरली गेलेले रुग्ण अनपेक्षितपणे उत्साही आणि आनंदी झालेले आढळले. इप्रोनियाझिड मेंदूतील मोनोअमाइन ऑक्सिडेझ या विकराला, म्हणजे सेरोटोनिनसारख्या संदेशवाहक रसायनांचे विघटन करणाऱ्या प्रथिनाला, रोखत असल्याचे स्पष्ट झाले आणि 1957 पासून ते अवसादावर वापरले जाऊ लागले. पुढे यकृताला होणाऱ्या इजेमुळे ते मागे पडले, परंतु अवसादरोधक औषधांचे एक घराणे क्षयाच्या वॉर्डात जन्मले, हे नाकारता येत नाही.

तो धागा आजही तुटलेला नाही. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2024 साली बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांच्या उपचारक्रमाला मान्यता दिली. त्यातील लिनेझोलिड हे प्रतिजैविक त्याच विकराला सौम्यपणे रोखते. असा रुग्ण आधीपासून फ्लुऑक्सेटिन घेत असेल, तर मेंदूत सेरोटोनिनचा अतिरेक होऊन ताप, थरथर, जुलाब, अस्वस्थता आणि पाय झटकल्यासारखे आपोआप उडणे, अशी लक्षणे उद्भवू शकतात. फ्लुऑक्सेटिन कालच बंद केले, हे उत्तर येथे पुरेसे नसते, कारण त्याचा अंश शरीरात सुमारे पाच आठवडे रेंगाळतो. बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन हृदयाच्या विद्युत लहरींमधील एक टप्पा लांबवतात आणि हॅलोपेरिडॉलही तेच करते. म्हणून हृदयालेख वेळच्या वेळी निघाला की नाही, हे पाहावे लागते. सायक्लोसेरिनमुळे काही रुग्णांना भास, संशय आणि तीव्र औदासीन्य येते, आणि ‘आजाराने डोक्यावर परिणाम झाला’ अशी घरच्यांची समजूत होते. औषधाचे नाव डॉक्टरांना वेळेवर सांगितले गेले, तर त्या त्रासाला उतार पडू शकतो.

नेहमीच्या क्षयोपचारातील रिफाम्पिसिन मात्र आवाज न करता काम बिघडवते. ते यकृतातील विकरांची निर्मिती वाढवते, त्यामुळे हॅलोपेरिडॉल आणि क्वेटियापिन यांसारख्या औषधांचे विघटन झपाट्याने होऊन त्यांची रक्तातील पातळी कोसळते आणि वर्षानुवर्षे शांत असलेला रुग्ण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा आवाज ऐकू लागतो. मनोविकारतज्ज्ञ मात्रा वाढवतात आणि गाडी रुळावर येते. सहा महिन्यांनी क्षयाचा उपचार संपतो, सर्वांना आनंद होतो, आणि रिफाम्पिसिन थांबल्यानंतर सुमारे दोन आठवड्यांत विकरांचा वेग उतरून तीच वाढवलेली मात्रा आता जास्त ठरू लागते. उपचार संपल्याची नोंद होते, पण मात्रा पुन्हा कमी करण्याची आठवण कोणी ठेवायची, हे कोठेच लिहिलेले नसते. अतिदक्षता विभागात असाच प्रकार मेरोपेनेम आणि व्हॅलप्रोएट यांच्या बाबतीत घडतो: अपस्मार आणि द्विध्रुवी विकार या दोहोंवर वापरल्या जाणाऱ्या व्हॅलप्रोएटची पातळी मेरोपेनेम सुरू होताच एक-दोन दिवसांत निम्म्याहून खाली येते, मात्रा वाढवूनही ती सावरत नाही, आणि फेफरे येऊ लागल्यावर सर्वांचे लक्ष मेंदूच्या स्कॅनकडे जाते.

हे सर्व टाळण्याची पहिली पायरी म्हणजे दाखल करून घेतानाचा प्रश्न, आणि तो कसा विचारला जातो यावर बरेच अवलंबून असते. ‘काही गोळ्या चालू आहेत का?’ असे सासू, जाऊ आणि शेजारीण उभ्या असताना विचारले, तर सून ‘नाही’ असेच सांगणार. नातेवाईक रक्तदाबाची आणि साखरेची पाकिटे पिशवीतून काढून दाखवतात आणि मनोविकाराची पाकिटे तळाशी राहू देतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 ने उपचारांबाबतच्या गोपनीयतेचा हक्क रुग्णाला दिला असल्याने हा प्रश्न एकांतात आणि थेट विचारणे योग्य ठरते: झोपेसाठी, चिंतेसाठी, फिट्ससाठी किंवा डोके शांत राहावे म्हणून कोणती गोळी चालू आहे, आणि गेल्या दोन महिन्यांत कोणती बंद झाली आहे. औषध देताना गोंधळलेल्या रुग्णाला ‘तुम्ही अमुक का?’ असे विचारल्यास तो कोणत्याही नावाला होकार देतो, म्हणून ‘तुमचे नाव काय?’ असे विचारून उत्तर कागदाशी पडताळले जाते. गोळी दिल्यावर पाणी पाजून दोन शब्द बोलते केले जाते, कारण गालात दाबून ठेवलेली गोळी बोलताना उघडी पडते. लिथियमच्या तपासणीसाठी रक्त शेवटच्या मात्रेनंतर 12 तासांनी घ्यावयाचे असते, त्यामुळे तपासणीच्या दिवशी सकाळची लिथियमची गोळी रक्त काढून होईपर्यंत थांबवली जाते, आणि रात्रीची गोळी नेमकी किती वाजता दिली, ते प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर लिहिले जाते.