बापाने सोसलेले ऊन



बापाने सोसलेले ऊन मुलाला कळते काय? बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी दक्षिण अमेरिकेतील रानटी गिनीपिगांचे काही नर दोन महिने नेहमीपेक्षा १० अंश अधिक उष्णतेत ठेवले. त्यांची आधीची व नंतरची पिल्ले ताडून पाहिली. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: नंतरच्या पिल्लांत डीएनएवरील रासायनिक खुणा बदलल्या होत्या. डीएनएची अक्षरे तीच राहतात. कोणते जनुक जागे ठेवावे, कोणते निजवावे, हे अशा खुणा ठरवतात. यालाच एपिजेनेटिक्स म्हणतात. अक्षरे बदलून जुळवून घ्यायला अनेक पिढ्या लागतात. खुणा एकाच पिढीत बदलू शकतात. तापत्या जगात वन्य प्राण्यांना एवढीच सवड मिळेल. ती पुरेल इतके रान आपण राखले पाहिजे.