चित्राखालची बारीक अक्षरं

कल्याणच्या माणसाला कुठंही जायचं म्हटलं की आधी लोकलचं वेळापत्रक आठवतं. मुंबईतलं वस्तुसंग्रहालय पाहायचं तर फास्ट गाडीने सीएसएमटी गाठायची, तिथून बस. अख्खा रविवार त्यात जातो. लंडनचं संग्रहालय या जन्मी पाहणं नाही, असं धरूनच मी चाललो होतो. मागच्या पावसाळ्यात गुडघ्याने दगा दिला आणि घरी बसावं लागलं. भाचीने माझ्यापुढे लॅपटॉप ठेवला. म्हणाली, “मामू, हे लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. काय हवं ते लिहा आणि शोधा.”

मी लिहिलं, अकबरनामा. समोर एकामागून एक पानं उघडत गेली. अबुल फजलने लिहिलेल्या या ग्रंथाची 1590 नंतरच्या काही वर्षांत दरबारात रंगवलेली 116 चित्रं या संग्रहालयाकडे आहेत. प्रत्येकाच्या क्रमांकाशेवटी 1896 असा आकडा आहे. ते संग्रहालयाने खरेदी केल्याचं साल. नुसता नोंदणी क्रमांक वाचला तरी वस्तूचा प्रवास कळू लागतो.

एका चित्रात तरुण अकबर ‘हवाई’ नावाच्या मस्तवाल हत्तीवर बसून दुसऱ्या हत्तीचा पाठलाग करतो आहे. 1561 साल, आग्रा, यमुनेवरचा होड्यांचा पूल. हत्तींच्या भाराने होड्या बुडताहेत, माणसं पाण्यात पडताहेत. चित्र मोठं करत करत मी खालच्या कडेला आलो. तिथं लाल शाईत बारीक अक्षरं होती. दरबारातल्या कारकुनाने लिहून ठेवलं होतं की, आखणी बसावनची आणि रंगकाम दुसऱ्या एका चित्रकाराचं. आखणीला शब्द ‘तरह’, रंगकामाला ‘अमल’. आपल्या मराठीतले ‘तऱ्हा’ आणि ‘अंमल’ हे त्याच घराण्यातले. मुशायऱ्यात ओळ देऊन गझल लिहायला सांगतात, तिला ‘तरही’ म्हणतात, तोही हाच शब्द. चारशे वर्षांपूर्वी बादशहाच्या चित्राखाली चित्रकाराचं नाव टाकायला कुणी विसरलं नव्हतं, याचा मला फार आनंद झाला.

मग मी आपल्याकडे वळलो. अजिंठा. तिथल्या मूळ चित्रकारांची नावं काळाने ठेवली नाहीत. पण त्या चित्रांच्या नकला करणाऱ्यांची गोष्ट आपल्या मुंबईची आहे. आधी मेजर रॉबर्ट गिल यांनी कित्येक वर्षं लेण्यांत राहून नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग 1872 पासून 1885 पर्यंत जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला जात राहिले. अंधाऱ्या लेण्यांत उभं राहून त्या पोरांनी मोठमोठे कॅनव्हास रंगवले. ते लंडनला गेले आणि 1885 मध्ये तिथंही आग लागली. शंभराहून अधिक चित्रं जळाली. गिल आणि ग्रिफिथ्स या दोघांच्या कामातली मिळून 166 चित्रं उरली. 1955 नंतर ती कायमच्या दालनात लावलेली नाहीत. म्हणजे तिकीट काढून लंडनला गेलो असतो, तरी मला ती भिंतीवर दिसली नसती. कल्याणच्या खोलीत मात्र दिसली.

या कामाला नाव लागलं ते ग्रिफिथ्स यांचं. 1896-97 मध्ये निघालेल्या दोन खंडांच्या ग्रंथावरही त्यांचंच नाव आहे. त्यांचं श्रेय मोठंच. पण ब्रश धरणाऱ्यांत पेस्तनजी बोमनजी होते, जगन्नाथ अनंत होते. ही नावं शोधायची तर थोडी चिकाटी लागते. जुन्या इंग्रजी कागदांत आपली नावं तीन-चार तऱ्हांनी लिहिलेली असतात. एका स्पेलिंगने सापडलं नाही तर दुसऱ्याने पाहावं. मला याचं नवल वाटलं नाही. माझं स्वतःचं नाव रेशनकार्डावर एक आहे, शाळेच्या दाखल्यावर दुसरं.

आपल्या देशातही हे काम झालं आहे. पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी संगणकावरची एक व्यवस्था तयार केली. तिचं नाव ठेवलं ‘जतन’. दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय, कोलकात्याचं इंडियन म्युझियम, हैदराबादचं सालारजंग यांच्या वस्तू तिच्यामुळे घरबसल्या पाहता येऊ लागल्या.

पडद्याची एक लबाडी मात्र ध्यानात ठेवा. तिथं सगळी चित्रं एकाच मापाची होतात. अकबरनाम्याचं पान जेमतेम मोठ्या वहीएवढं आणि अजिंठ्याचा कॅनव्हास भिंतीएवढा, पण लॅपटॉपवर दोन्ही सारखीच. म्हणून खाली दिलेली मापं वाचावीत. मी तर टेप घेऊन भिंतीवर माप धरून पाहिलं. भाची हसली, पण तीच टेपचं दुसरं टोक धरून उभी होती.

त्या संध्याकाळी मी माळ्यावरची तांब्याची डेग खाली काढली. लग्नाच्या जेवणावळीला, ईदला आमच्याकडे हीच चुलीवर चढायची. तिच्या काठावर देवनागरीत माझ्या आजोबांचं नाव आणि साल ठोक्यांनी कोरलेलं आहे. तुमच्याही घरी असा तांब्या, अशी परात असेल. देणाऱ्याचं नाव असतं, घेणाऱ्याचं असतं. ज्याने हातोडीचे हजारो ठोके घालून ते भांडं घडवलं, त्या तांबटाचं नसतं. आईला विचारायला हवं होतं. ती असताना सुचलं नाही.

म्हणून एक विनंती करतो. घरातली एखादी जुनी वस्तू काढा, तिचा फोटो घ्या आणि कागदावर चार ओळी लिहा. ती कुठून आली, कधी आली, कुणाची होती आणि घडवली कुणी. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकेल असं एखादं वडीलधारं माणूस तुमच्या घरात असेल, तर आजच विचारा. चहा नंतर झाला तरी चालेल.