यंत्र वाचत नाही ती ओळ

बेल लॅब्जच्या युनिक्स प्रणालीची सहावी आवृत्ती १९७५ साली आली. तिच्यात, एक प्रोसेस थांबवून दुसरी चालू करणाऱ्या कोडमध्ये, एक कॉमेंट आहे. ‘हे तुम्हाला समजावे अशी अपेक्षा नाही’, असा तिचा अर्थ. प्रोग्रामरांनी ती उर्मटपणाचा नमुना म्हणून वर्षानुवर्षे एकमेकांना ऐकवली. ‘हा भाग परीक्षेला नाही’ अशा सुरात ते लिहिले होते, आणि खरे तर आम्हालाही तिथे काय चालले आहे ते नीट उमगले नव्हते, असा खुलासा युनिक्सच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या डेनिस रिची यांनी पुढे केला. गंमत म्हणजे त्या ओळीच्या डोक्यावरच खरे स्पष्टीकरण आहे. प्रोसेस मेमरीबाहेर काढली गेल्यामुळे थांबली असेल, तर स्टॅक कुठवर मागे न्यायचा आणि त्यामुळे पुढचा रिटर्न कुठल्या रुटीनमधून होतो, हे तिथे सांगितले आहे. ते फारसे कुणाला आठवत नाही. सूर तेवढा लक्षात राहिला.

श्रोतेहो, कोड चुकला तर कंपायलर अडवतो, टेस्ट फसते, निदान वापरणारा तरी ओरडतो. कॉमेंट मात्र कंपायलर वाचतच नाही. कोडमधली मुदत पाच सेकंदांची तीस झाली आणि कॉमेंटमध्ये पाचच राहिली, तरी प्रोग्राम सुरळीत चालतो. पायथनच्या ‘पेप ८’ या शैलीनियमांनी कोडशी विसंगत कॉमेंट ही कॉमेंट नसण्यापेक्षा वाईट ठरवली आहे, ती याच कारणाने. म्हणून दुसऱ्या माणसाचे वाचन हीच तिची एकमेव चाचणी. ते वाचन नुसते खरेखोटे पाहून भागत नाही. ‘ही यादी रिकामी नसावी’ असे लिहिले, तर तो नियम, की लिहिणाऱ्याचा अंदाज? नियम असेल तर तो पाळायचा कोणी, फंक्शनने की त्याला बोलावणाऱ्याने? ‘तात्पुरते’ म्हणजे कुठवर?

चांगल्या कोडला कॉमेंट लागतेच कशाला, हा आक्षेप जुना आहे. वाईट कोड समजावत बसू नका, पुन्हा लिहा, असे कर्निघन आणि प्लॉगर यांनी प्रोग्रामिंगच्या शैलीवरच्या आपल्या पुस्तकात १९७४ सालीच सांगितले. ते मान्य. पण कोड जे केले तेवढेच सांगतो. सोपा वाटणारा दुसरा मार्ग का टाळला, हे त्यात कुठेच उमटत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अशा वाचनात, म्हणजे रिव्ह्यूमध्ये, शब्दांचा कीस पडतो आणि इंग्रजी ज्याची मातृभाषा नाही तो नवा प्रोग्रामर लिहायलाच कचरतो. माझ्या मते इथे व्याकरण आणि अर्थ यांत फरक करायला हवा. लिबरऑफिसचा मूळ कोड जर्मनीतल्या स्टारडिव्हिजन कंपनीचा, म्हणून त्यातल्या ढीगभर कॉमेंट जर्मन होत्या. जर्मन न येणाऱ्यांना त्यांच्या निर्दोष व्याकरणाचा काय उपयोग? स्वयंसेवकांनी कित्येक वर्षे खपून त्या इंग्रजीत आणल्या. उलट एखादे उपपद गळलेली मोडकी इंग्रजी ओळ वाचणाऱ्याला एकच अर्थ देत असेल, तर तपासणाऱ्याने ती मुकाट्याने मंजूर करावी.