कुलपातली पुस्तके



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. मी पडलो कामगारांच्या सभांतून बोलणारा माणूस. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतली वर्तमानपत्रे आणि मागून आणलेली पुस्तके यांवर. ज्या घरात पंचांगाखेरीज छापील कागद नसतो ते घर मला ठाऊक आहे, एवढाच माझा या विषयावरचा अधिकार. अशा घरातल्या मुलाला शाळेच्या कपाटाखेरीज दुसरे कपाट नाही.

कायद्याने ते कपाट त्याचेच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेला ग्रंथालय सांगितले आहे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत असे स्पष्ट म्हटले आहे. पुष्कळ शाळांत पुस्तके येतातही. पण ती कुलपात बसतात. का? शिक्षकाला वाचनाचा तिटकारा आहे म्हणून नव्हे. पुस्तक हरवले तर भरपाई आपल्या पगारातून जाईल, ही धास्ती त्याला असते. पगारदाराची ही धास्ती मी ओळखतो. तिला हसू नये, ती दूर करावी.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला पहिलाच नियम, पुस्तके वापरासाठी आहेत. आमच्या गिरणीच्या भाषेत सांगायचे तर, जो धोटा झिजला नाही तो चाललाच नाही. मुलांच्या हातून फाटलेले पुस्तक हे नुकसान नव्हे. ते झालेल्या कामाची पावती आहे.

आता लेखकांविषयी. आपण लेखकाला शाळेत बोलावतो, शाल-श्रीफळ देतो, भाषण ऐकवतो. मुले टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. क्रम उलटा करा. आधी महिनाभर त्याचे एक पुस्तक वर्गात फिरू द्या, मुलांना प्रश्न लिहू द्या, मग लेखकाला बोलवा. जे लेखक आज हयात नाहीत त्यांचे आयुष्य सांगा. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले. १९६६ साली ‘माझे विद्यापीठ’ लिहिले आणि १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. हे कळले की चाळीतल्या पोराला वाटते, पुस्तक लिहिणारा माणूस आपल्यातलाच असतो.

शेवटी एक मागणी. मागणीवाचून माझे भाषण संपत नाही. सरकारी आणि नगरपालिकेच्या शाळांच्या व्यवस्थापन समितीत निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. तेथे पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: गेल्या महिन्यात किती पुस्तके मुलांच्या घरी गेली? आणि एक ठराव करून वर पाठवा, की वाचताना फाटलेल्या वा हरवलेल्या पुस्तकाची वसुली शिक्षकाकडून होऊ नये. कुलूप उघडायला एवढी किल्ली पुरे आहे.